कॉफीची भट्टी आणि मारोतरावांचं नाक

कॉफी भाजताना आग लागते असं मी सांगितलं की लोक हसतात. दुकानातून पुडी आणायची, दूध-साखर घालायची आणि प्यायची, त्यात आग कुठून आली, असं त्यांना वाटतं. मी हिंगणघाटात कॉफीच्या भट्टीवर सव्वीस वर्षं काढली. त्यातली पहिली सहा वर्षं मी फक्त बिया निवडत होते. आणि त्या सहातलं दीड वर्ष असं गेलं, की भट्टी पेटलेली असताना मी एकदाही निवांत बसून पाणी प्यायले नाही. त्या दीड वर्षाचंच सांगते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी बोलत गेले आणि मुलीनं लिहून घेतलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे माझं बोलणं तिनं शाळेच्या भाषेत बसवलं. पण बाकीचे जसे बोलले तसंच ठेव, असं मी तिला बजावलं.

आमचं गाव समुद्रपूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. आम्ही गोंड. घरात गोंडी, बाजारात मराठी. लहानपणापासून आईसोबत मोहफुलं वेचली, वाळवली, भाजली. कोणती फुलं नीट वाळली आणि कोणती आतून दमट राहून बिघडली, हे आई टोपलीवर नाक नेऊन सांगायची. ती सवय मलाही लागली. लग्न होऊन हिंगणघाटला आले तेव्हा नवरा, लहानू, कापसाच्या प्रेसमध्ये गठाणी उचलायच्या कामावर होता. मला काम मिळालं त्याच सडकेवर, सामींच्या कॉफीच्या कारखान्यात.

सामी म्हणजे विश्वनाथ अय्यर. मद्रासकडून आलेले, गोरेपान, बारीक, घाबरट स्वभावाचे, पण मनानं वाईट नव्हेत. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती. मद्रासची गाडी हिंगणघाटवरून जायची, रेल्वेत दक्षिणेकडची माणसं बरीच होती, गिरणीत होती, त्यांना कॉफीशिवाय सकाळ जात नसे. सामींची कॉफी वर्ध्यापासून बल्लारशापर्यंत स्टेशनांवर जायची. एक बाई पवनारहून बसनं यायच्या, त्या कॉफीला हात लावत नसत. त्यांना आमच्याकडून गहू काळे होईपर्यंत भाजून हवे असत, त्याचीच कॉफी करून त्या पीत. येताना गहू पंच्यात बांधून आणायच्या आणि भाजून होईपर्यंत दारात सूत कातत बसायच्या.

कारखाना म्हणजे पत्र्याचं एक मोठं शेड. आत लोखंडी पत्र्याचा आडवा ढोल, त्याखाली कोळशाची भट्टी, ढोल फिरवायला एका बाजूला दांडा आणि वर छपरातून बाहेर गेलेलं पत्र्याचं धुराडं. हिरव्या बियांतले खडे, काड्या, काळे दाणे आम्ही बाया सुपात निवडायचो. मग बिया ढोलात जायच्या. आधी त्या पिवळ्या पडतात आणि ओल्या गवताचा वास येतो. नंतर भाकरी भाजल्यासारखा. मग दाणे ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसे तडतडतात आणि त्यांच्या अंगावरची पातळ सालं सुटतात. त्या सालांना आम्ही फोलपट म्हणायचो. कागदाहून हलकं आणि कोरडं ठणठणीत. निम्मं खाली पडतं, निम्मं धुरासोबत धुराड्यात चढतं. पुढं दाण्यांना तेल सुटतं, त्या तेलाचा धूर वर जातो आणि धुराड्याला आतून चिकट काजळी धरते. म्हणजे खाली निखारे, मध्ये तेलकट दाणे आणि वर तेलाच्या काजळीत अडकलेलं फोलपट. हे सगळं रोज तापवायचं आणि पेटू मात्र द्यायचं नाही, असा आमचा धंदा.

आणि सडकेच्या पलीकडे कापूस. समोर जिनिंगचं मोठं फाटक होतं, लहानूची प्रेस त्याच्याच आत. दिवाळीनंतर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची ती आमच्या शेडच्या भिंतीपासून पार नाक्यापर्यंत. गाड्यांवर उंच भरलेला कापूस, उघडा, वाऱ्यानं हलणारा. त्या दिवसांत आमचे मिस्त्री दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन धुराड्याकडे बघून यायचे.

मिस्त्री म्हणजे मारोतराव. पन्नाशीचे, काळेसावळे, रुंद खांद्यांचे. आधी रेल्वेत इंजिनावर कोळसा टाकायचे. खांदा दुखावला म्हणून ते काम सुटलं. आगीशी कसं वागायचं हे त्यांच्याइतकं जाणणारा माणूस मी पाहिला नाही. ढोल फिरवणारा शंकर त्यांना इतका भ्यायचा, की शिंक आली तरी दांडा सोडत नसे. ढोल थांबला की दाणे तापलेल्या पत्र्याला टेकून राहतात आणि पेटतात. समजा आत पेटलेच, तरी झाकण उघडायचं नाही, कारण हवा मिळाली की भडका उडतो. निखारे ओढून बाहेर काढायचे, हवेचं दार लावायचं आणि ढोल फिरवतच राहायचं. तापलेल्या ढोलावर पाणी टाकायचं नाही; वाफेनं माणूस होरपळतो आणि लोखंड तडकतं. पाणी फक्त बाहेर ओतलेल्या दाण्यांवर आणि तरटांवर. धुराडं दर आठवड्याला उतरवून खरडायचं. हे सगळं मारोतराव आम्हा बायांनाही सांगत. निवडणाऱ्या बायांना हे कशाला, असं सामी एकदा म्हणाले, तरी त्यांनी सांगणं थांबवलं नाही.

त्यांचा एक किस्सा सांगते, म्हणजे माणूस कळेल. एक मद्रासी गार्डसाहेब गाडी थांबली की धावत यायचे. एकदा त्यांना ताजी भाजलेली कॉफी हवी होती आणि ती तर नुकतीच गार करायच्या जाळीवर ओतली होती. मारोतराव म्हणाले, दाणे गार झाल्याशिवाय देणार नाही. गार्ड म्हणाले, गाडी सुटते. मारोतराव म्हणाले, सुटू द्या. शेवटी सामींनी मध्ये पडून गरम दाणेच डब्यात भरून दिले. दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब परत आले, हातात काळा पडलेला डबा. डब्यातले दाणे आतल्या आत तापत गेले होते, पुढच्या स्टेशनाच्या आधी डब्यातून धूर निघायला लागला, आणि तो त्यांनी गाडीतून फेकला तेव्हा रुळाकडेचं गवत पेटलं. गार्डसाहेब सामींशी एक शब्द बोलले नाहीत. मारोतरावांसमोर उभे राहून त्यांनी हात जोडले.

असा माणूस होता.

मग एका पावसाळ्यात मारोतरावांना मुदतीचा ताप आला. सोबत सर्दी अशी, की महिनाभर ते अंथरुणावर होते. त्या महिन्यात भट्टी बंद होती आणि सामींचा जीव खालीवर होत होता. मारोतराव परत आले ते गालफडं बसलेले, पण ढोलापाशी उभे राहिले की पहिल्यासारखेच दिसत.

पंधरा दिवसांनी कोळशाच्या ढिगामागे घूस मरून पडली. शेडमध्ये बसवेना. आम्ही बाया पदर नाकाला लावून बाहेर आलो, शंकर ओकारी आल्यासारखा करत होता. मारोतराव त्या ढिगाला टेकून भाकरी खात होते. सावकाश, चटणी लावून. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या बायांकडे पाहिलं आणि भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. दोघांनाही कळलं, की दुसऱ्याला कळलं आहे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी थांबले आणि सरळ विचारलं. ते आधी रागावले, मग खाली बसले. तापानंतर वास गेला होता. सगळाच. कॉफीचा, धुराचा, उदबत्तीचा, कशाचाच येत नव्हता. डोळ्यांनी रंग दिसतो, कानांनी तडतड ऐकू येते, तेवढ्यावर चालवून राह्यलो, म्हणाले. वैद्य सांगतो, परत येईल.

"सोनाबाई, सामीले सांगजो नको," ते म्हणाले. "खांद्यानं एक काम गेलं. हेही गेलं तर मी काय करू? थोडे दिवस पाहू. येईनच वास."

मी हो म्हटलं. मला त्यांची दया आली, हे खरं. पण त्यांनी माझ्याजवळ मन मोकळं केलं याचा थोडा अभिमानही वाटला, हेही खरं. सांगायचं तर सगळंच सांगावं.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी जागा ढोलाजवळ हलवली. उजेड चांगला येतो, असं सामींना सांगितलं. भाकरीचा वास संपून तिखट वास सुरू झाला की मी सुपावर बोटांनी एकदा टकटक करायची. दाणे काढायची वेळ आली की दोनदा. मारोतराव माझ्याकडे न बघता झाकण उघडायचे. शंकरला किंवा इतर बायांना कधी कळलं नाही. कॉफी तर पहिल्यापेक्षा चांगली होते आहे, असं गिऱ्हाइकं म्हणू लागली. त्याचं मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. कारण दाण्यांचा वास मी सांगू शकत होते, पण धुराड्यात काजळी साठली की एक वेगळाच कडवट वास येतो, तो नीट ओळखायला मी अजून कच्ची होते. मारोतरावांना तो वास आला की ते दुसऱ्या दिवशी धुराडं उतरवत. आता ते आठवडा मोजून उतरवत, आणि गडबडीत कधी आठवड्याचे दहा दिवस व्हायचे.

मला सर्दी झाली की मी घाबरून जायची. सुंठ उकळून प्यायची, रात्री नाकात तेल घालायची. बहिणीच्या लग्नाला गेले नाही; घरी सांगितलं, मालक सोडत नाही. लहानू म्हणायचा, तू निवडणारी बाई आहे का भट्टीची मालकीण? त्याला मी बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की समोरच्या फाटकाच्या आत तो दिवसभर कापसात उभा असतो, हे मी विसरू नये.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आणि कॉफीचा वास मला सोसवेना. पहिले तीन महिने मी वास घ्यायची आणि मागच्या दाराला जाऊन ओकून यायची, परत येऊन सुपावर टकटक करायची. पोट दिसू लागलं तसं मी मारोतरावांच्या मागे लागले. बाळंतपणाला मी जाणारच, मग पुढं काय? सामींना सांगा, ते तुम्हाला दुसरं काम देतील. ते म्हणायचे, सांगतो, पोळा होऊ दे. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. मग कापसाचा हंगाम सुरू झाला आणि कामाची घाई इतकी, की त्यांनी विषयच टाळला. मी स्वतः सामींकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी काय हवं विचारलं आणि मी सुपं नवी पाहिजेत असं सांगून परत आले.

त्या दिवशी दुपारी सामींनी मला बोलावलं. स्टेशनवर कॉफीचा डबा पोचवायचा होता, रोजचा माणूस आला नव्हता. मी मारोतरावांपाशी जाऊन हळूच म्हटलं, मी येईपर्यंत नवा घाणा चढवू नका. त्यांनी मान हलवली. तेव्हा ढोल रिकामा होता.

मी गेल्यावर सामी आत आले आणि म्हणाले, ढोल रिकामा का? संध्याकाळच्या गाडीनं माल जायचा आहे. मारोतराव काय सांगणार होते? सोनाबाई यायची आहे म्हणून थांबलो, असं मिस्त्रीनं मालकाला कसं सांगावं? त्यांनी घाणा चढवला. हे मला नंतर शंकरनं सांगितलं.

मी स्टेशनवरून परत येत होते. नाका ओलांडला तेव्हा दुरूनच वास आला. दाण्यांचा नव्हता. कढईत तेल जळावं आणि त्यात केस पडावेत, तसा. हा वास मी आधी कधी घेतला नव्हता, तरी तो कशाचा ते मला लगेच कळलं. मी वर पाहिलं. धुराड्याचं तोंड लाल दिसत होतं आणि त्यातून जळकं फोलपट उडत होतं. वारा सडकेकडे होता. खाली गाड्यांची रांग. काही गाडीवाले गाडीखाली सावलीला पडले होते, कोणी बैलांना कडबा टाकत होता. कोणीही वर बघत नव्हतं.

सातवा महिना होता. मी धावले. धावताना ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. एका गाडीवर, कापसाच्या ढिगाच्या माथ्यावर, एक ठिणगी पडलेली मला दिसली. तिथून बोटभर धूर निघाला. मी त्या गाडीवाल्याला दाखवलं आणि शेडमध्ये शिरले.

आत सगळं शांत होतं. शंकर दांडा फिरवत होता. मारोतराव ढोलाकडे कान लावून तडतड ऐकत होते. त्यांच्या डोक्यावर छपराखाली धुराड्याचा पत्रा तापून तांबडा झाला होता आणि ते खाली मान घालून उभे होते.

"धुराडं पेटलं," मी म्हटलं. "कापसावर ठिणग्या पडून राह्यल्या."

त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पण क्षणभरच. मग ते इंजिनावरचे मारोतराव झाले. लोखंडी दांड्यानं निखारे ओढून वाळूत पसरले, भट्टीचं दार आणि हवेचं दार लावलं, शंकरला ओली तरटं घेऊन छपरावर पाठवलं. ढोलाचा दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "थांबू नको." आणि बाहेर धावले.

तो दांडा मी किती वेळ फिरवला, सांगता येत नाही. पोट आडवं येत होतं म्हणून तिरकं उभं राहून दोन्ही हातांनी फिरवत होते. वर छपरावर शंकरचे पाय वाजत होते, धुराड्यातून ओल्या तरटाचा चर्र आवाज येत होता. ढोलात दाण्यांची दुसरी तडतड सुरू झाली, बारीक आणि भराभर. निखारे काढले तरी लोखंड तापलेलंच होतं आणि दाणे स्वतःच्या तेलात जळायच्या बेताला आले होते. तो वास मला येत होता. विचारायला कोणी नव्हतं. आत अजून पेटलेलं नाही, पण थोड्या वेळात पेटेल, असं माझ्या नाकानं सांगितलं. मी झाकण उघडलं, दाणे जाळीवर ओतले आणि बादल्यांतलं पाणी त्यांच्यावर फेकलं. शेड वाफेनं भरलं. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पोळले. पण दाणे विझले.

दारातून मला सडक दिसत होती. गाडीवाले भराभर बैल जुंपून गाड्या लांब नेत होते. ती एक गाडी मात्र पेटली होती. कापसाची आग वर दिसते कमी आणि आत शिरते जास्त. पाणी टाकलं तरी आत धुमसत राहते. गाडीवाला, आत्माराम नावाचा, तीस-बत्तीसचा माणूस, गाडीवर चढून जळता कापूस दोन्ही हातांनी उपसून खाली फेकत होता. बैल त्यानं आधीच सोडले होते. मारोतरावांनी आणि आणखी दोघांनी गाडीचं जू खांद्यावर घेतलं आणि जळती गाडी ओढत मोकळ्या मैदानात नेली. मारोतरावांचा तोच दुखरा खांदा. आत्माराम गाडी हलेपर्यंत वरच होता, त्याला लोकांनी ओढून उतरवलं. गाडी मैदानात जळून गेली. रांग वाचली. फाटकाच्या आतला कापूस वाचला, आणि त्यात उभा असलेला लहानूही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामींच्या खोलीत नगरपालिकेचा एक कारकून आणि समोरच्या जिनिंगचे मुनीम आले. आम्हालाही बोलावलं. आत्माराम दवाखान्यात होता. सामींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी कारकुनाला सांगितलं, की गाडीवाले बिड्या ओढतात, त्या आत्मारामची बिडी कापसात पडली आणि तिथून आग आमच्या छपरावर आली. मुनीम म्हणाले, असं असेल तर पोलिसांत देऊ, हंगामात बिडी ओढायला बंदी आहे. कारकून लिहू लागला.

मी मारोतरावांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. कारकुनानं एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली. ते बोलले नाहीत.

"बिडी नव्हती," मी म्हटलं. "ठिणगी आपल्या धुराड्यातून पडली. मी सडकेवरून पाह्यलं."

सामी हिंदीत म्हणाले, तू मध्ये बोलू नको. पण कारकुनानं लिहिणं थांबवलं. त्यानं विचारलं, धुराडं पेटलं तर मिस्त्रीला कळलं कसं नाही?

"त्यायले वास येत नाई," मी म्हटलं. "दीड वर्षापासून. मले मालूम होतं. मी सांगितलं नाई."

मारोतराव उठून बाहेर गेले. सावकाश. सामी खुर्चीत बसले. मग त्यांनीच कारकुनाला म्हटलं, आधीचं खोडा. घाबरट माणूस, पण ते त्यांनी केलं. आत्मारामच्या गाडी-कापसाची भरपाईही त्यांनी दिली.

मारोतरावांना काढून टाकायची वेळ आली नाही, ते आलेच नाहीत. मी आठ दिवसांनी त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर बसले होते, खांद्याला फडकं बांधलेलं. त्यांच्या बायकोनं मला बस म्हटलं नाही. मी उभीच राहिले.

"तू बरं केलं, असं मी म्हणत नाई," ते म्हणाले. "पण ते मी बोलाले पाह्यजे होतं. तो गाडीवाला माह्या डोळ्यापुढून जात नाई."

मी विचारलं, सामींकडे दुसरं काम मागू का? त्यांनी मान हलवली. मी निघाले तेव्हा पाठीमागून त्यांचा आवाज आला, की धुराडं पुरतं खरडल्याशिवाय कोणाला भट्टी पेटवू देऊ नको.

आत्मारामच्या डाव्या हाताची बोटं वाकडीच राहिली. पुढच्या हंगामात तो आला तेव्हा गाडी त्याचा भाऊ हाकत होता. मी त्याच्याशी बोलायला गेले. त्यानं ओळखलं, माझ्या बाळाची चौकशी केली, आणि मी जे सांगायला गेले होते ते मला सांगता आलं नाही. पहिल्यांदा सामींकडे गेले तेव्हा सुपांऐवजी खरं बोलले असते तर ती बोटं सरळ असती. हा हिशेब मी कितीदा मांडला, तरी तो दरवेळी तसाच येतो.

सामींनी वर्षभर भट्टी बंद ठेवली. मग गावाबाहेर, नदीच्या अंगाला, कापसापासून दूर नवं शेड बांधलं. एक दिवस ते आमच्या घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, ढोल तू चालवशील का? बाई माणूस भट्टीवर, लोक बोलले. मी दोन अटी घातल्या. धुराडं दर शनिवारी उतरणार, काम कितीही असो. आणि रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी चिमूटभर फोलपट जाळायचं, सगळ्यांनी वास घ्यायचा आणि येतो की नाही ते मोठ्यानं सांगायचं. मीसुद्धा. ज्याला येणार नाही त्यानं त्या दिवशी बाहेरचं काम करायचं, आणि त्यावरून कोणाचं काम जाणार नाही. सामींनी दोन्ही अटी मान्य केल्या. पुढच्या वीस वर्षांत तो नेम एक दिवस चुकला नाही आणि आमच्याकडे पुन्हा आग लागली नाही. हे सांगताना दृष्ट लागू नये म्हणून मला अजूनही अंगणातल्या लाकडी खांबाला हात लावावासा वाटतो.

पहिल्या घाण्याचा दिवस आला. वाळूच्या बादल्या भरल्या होत्या, तरटं भिजवून ठेवली होती, शंकर दांड्यापाशी उभा होता. बिया टाकल्या, गवताचा वास आला, मग भाकरीचा. तेवढ्यात शंकरनं मला खुणेनं फाटक दाखवलं. फाटकाबाहेर मारोतराव उभे होते. तोपर्यंत ते एका लाकडाच्या वखारीत राखणदारी करत होते. मी आत या म्हटलं, ते आले नाहीत. तिथंच फाटकाला हात लावून उभे राहिले, मान थोडी कलती करून, ऐकत.

मी दाणे जाळीवर ओतले, पंखा लावून गार केले आणि मूठभर त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी ते तळहातावर पसरले, उन्हात धरून रंग पाहिला. एक दाणा दाताखाली धरून फोडला आणि त्याचा आवाज ऐकला.

"दम धरला तू जास्त," ते म्हणाले. "थोडी आधी काढाले पाह्यजे होती."

बाकीचे दाणे त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधले आणि वखारीच्या रस्त्यानं निघून गेले. मी आत येऊन जाळीवरचा एक दाणा फोडून पाहिला. त्यांचं बरोबर होतं.